हातचा एक

वेळापत्रकात तो तास होता.
सोमवार आणि गुरुवार, शेवटून दुसरा,
'शा. शि.': दोन अक्षरं, दोन टिंबं.
मी गणिताची. त्या टिंबांवर खडू टेकवून
एकवीस वर्षं म्हणत आले:
बसा खाली, पाढे राहिलेत.

भिरोंड्याची शाळा. दोन खोल्या, एक पडवी,
समोर तांबडा माळ, कडेला काजूची सहा झाडं.
खिडकीतून तो माळ मला
गैरहजर पोरासारखा दिसायचा,
नाव पटावर, जागा रिकामी.

मग गेल्या नोव्हेंबरात मोठ्या खोलीची फरशी उखडली.
गवंडी आठलाच हजर, ठोकाठोकी, धूळ.
गावस सर म्हणाले, अर्धा तास रोज
बाहेर काढा पोरांना, काय करायचं ते करू देत.
मी छत्री उघडून पायरीवर बसले,
हजेरीपट मांडीवर.
रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी पोरं नुसती उभी.
मोकळं सोडलंय हे त्यांना पटेचना.
मग लक्षता मळीकने चपला काढल्या.
एवढंच. चपला काढल्या, आणि कुंपणापर्यंत
पळून परत आली,
काही कारण नसताना.

दुसऱ्या दिवशी करवंट्यांची लगोरी.
आठवड्याने आट्यापाट्यांच्या रेघा,
माझेच खडू पळवून.

तुळशीदास च्यारी, चौथीतला,
बाकाखाली ज्याचे गुडघे कधी गप्प नव्हते
(त्या गुडघ्यांना मी किती वेळा पट्टी दाखवली!),
लंगडी घालत माळ ओलांडून आला,
कपाळाला केस चिकटलेले,
आणि आत येऊन बसला. नुसता बसला.
सात सक त्याला तेव्हाही आलं नाही.
पण तो फळ्याकडे बघत होता,
आणि सात पंचे पस्तीसच्या पुढे
बोटांवर चालत निघाला,
छत्तीस, सदतीस, ओठ हलवत,
बेचाळीसवर येऊन थांबला.
मी काही बोलले नाही.
बोलले असते तर तो पडला असता, लंगडीतल्यासारखा.

मधल्या सुट्टीतली पावभाजी
हल्ली टोपाच्या तळाशी खरवडावी लागते.
शेवटच्या तासाच्या जांभया कुठे गेल्या, ठाऊक नाही.
भांडणं मात्र वाढली, तीही माळावरच सुरू होतात
आणि बहुतेक माळावरच संपतात.

फरशी झाली. नवी, पांढरी, गुळगुळीत.
सोमवारी मी खडू उचलला तर दारात बारा तोंडं:
"टीचर, आयज धांवपाक ना?"

त्या रात्री हिशेब मांडला, उगाच.
आठवड्याचे दोन, वर्षाचे तीस आठवडे, वर्षं एकवीस.
बाराशे साठ.
पस्तीस मिनिटांचा एक, म्हणजे सातशे पस्तीस तास.
भागाकार नीट सुटला, बाकी शून्य.
हातचे म्हणून धरले होते मी ते सगळे,
आणि पुढच्या घरात मिळवायला विसरले.

परवा वाळपईच्या स्टँडवर दत्ताराम भेटला,
माझ्या पहिल्या वर्गातला. मिनीबस चालवतो.
तिकिटांची पिशवी घेऊन दोन पायऱ्या चढला
आणि दाराला धरून उभा राहिला, श्वास जमवत.
"टीचर, पाढे अजून पाठ आहेत माझे," म्हणाला,
केवढ्या अभिमानाने!
हा पोरगा पळायचा कसा,
मला आठवेना.
आठवणार कसं, मी पाहिलंच नव्हतं.

आता रोज सकाळी नव्या फरशीवर
दारापासून बाकांपर्यंत तांबडी पावलं उमटतात,
काही पूर्ण, काही नुसत्या टाचा,
एक लंगडीचं.
मंगलबाय फडकं घेऊन कुरकुरते.
म्हटलं, राहू दे गं अकरापर्यंत.
मोजतेय मी.